शाळा सुटल्यावर शिकणारा शिक्षक

कोरेगाव हे नाव महाराष्ट्रात एकाच गावाला लाभलेले नाही. भीमेच्या काठचे कोरेगाव इतिहासामुळे सर्वांना ठाऊक आहे, सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यातही एक कोरेगाव आहे, आणि प्रस्तुत लेखाला ज्याचे प्रयोजन आहे ते साताऱ्याच्या पूर्वेस वीसेक किलोमीटरवर वसलेले, पुणे–मिरज लोहमार्गावरचे आणि आपल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळवून बसलेले तालुक्याचे गाव होय. या तालुक्यातील एखाद्या प्राथमिक शाळेत नोकरी करणाऱ्या, घरची शेती, लहान मुले आणि म्हातारे आईवडील यांचा भार वाहणाऱ्या, तरीही आपण जे रोज करतो त्याचे शास्त्र एकदा मुळापासून समजून घ्यावे अशी ओढ ज्यांच्या मनातून गेलेली नाही अशा गुरुजींनी वा बाईंनी शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन करावयाचे ठरविले, तर त्यांनी ते कोठे, केव्हा आणि कोणत्या वाटेने करावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. कारण त्याच्या पोटात शिक्षणशास्त्र म्हणजे काय आणि ते शिकण्याची जागा कोणती, हा जुना वाद दडलेला आहे.

प्रथम परिभाषेचा घोळ निस्तरू. डी.एड. किंवा आजचे डी.एल.एड. आणि बी.एड. या व्यवसायात शिरण्याच्या अर्हता आहेत. ज्याला आपण छात्राध्यापक म्हणतो तो पाठाचे टाचण काढावयास, फलक वापरावयास, प्रश्न विचारावयास आणि पर्यवेक्षक मागच्या बाकावर बसले असता घाम न फुटू देण्यास तेथे शिकतो. एम.एड. ही त्यापुढची व्यावसायिक पदवी असून तिच्या बळावर मनुष्य अध्यापकांचा अध्यापक, म्हणजे अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक, होऊ शकतो. तिसरी आहे शिक्षणशास्त्र या विषयातील एम.ए. ही पदवी इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या एम.ए.सारखी ज्ञानशाखेची पदवी आहे, तिच्यासाठी बी.एड. असलेच पाहिजे असे नाही आणि ती घेतल्याने कोणी प्रशिक्षित शिक्षक ठरत नाही. पुष्कळ शिक्षक या दोहोंची गल्लत करतात आणि दोन वर्षे खर्ची घातल्यावर आपल्या हाती आलेला कागद आपल्याला हव्या असलेल्या दारात चालत नाही असे त्यांना कळते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी कोणती पदवी कशासाठी, याचा खुलासा विद्यापीठाच्या कचेरीतून करून घेणे शहाणपणाचे.

आता अडचण कोठे आहे ती पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली जी नियमावली केली, तिच्यानुसार एम.एड. दोन वर्षांचे झाले, प्रत्येक वर्षी किमान दोनशे दिवस कामकाज आणि आठवड्याला छत्तीस तास महाविद्यालय असे ठरले, आणि तात्त्विक विषयांना ऐंशी टक्के व क्षेत्रकार्याला नव्वद टक्के उपस्थितीची अट घातली गेली. ज्या शिक्षकाची स्वतःची शाळाही वर्षाला दोनशेहून अधिक दिवस भरते त्याने ही हजेरी द्यावयाची कशी? अंकगणिताच्या कोणत्याही नियमाने हे दोन हिशेब एका वर्षात बसत नाहीत. तेव्हा त्याने एक तर अध्ययन रजा मागावी, आणि ती मागताना आपल्या जागी कोण येणार याचे उत्तर दोनशिक्षकी शाळेत स्वतःच शोधावे. किंवा नोकरी सोडावी. किंवा, आणि हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी उच्चारीत नाही, दोन्ही हजेरीपटांवर एकाच वेळी उपस्थित असण्याचा चमत्कार करून दाखवावा. त्याच नियमावलीत बी.एड.साठी तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाची तजवीज आहे, सेवेतील शिक्षकांसाठी दूरशिक्षणाच्या बी.एड.चीही आहे, बी.एड. आणि एम.एड. सलग तीन वर्षांत उरकण्याचाही एक मार्ग आहे. मात्र ज्याला वर्गाचा सर्वांत जास्त अनुभव आहे त्या सेवेतील शिक्षकासाठी एम.एड.चा अर्धवेळ मार्ग तिच्यात नाही. एकीकडे वर्ग कधी न चालविलेल्या तरुणाला सलग एम.एड. करण्याची सोय आणि दुसरीकडे पंधरा वर्षे वर्ग चालविलेल्याला दार बंद, हा क्रम आमच्या मते उफराटा आहे.

तो उफराटा का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबई इलाख्यात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय मुंबईस १९०६ साली निघाले आणि मुंबई विद्यापीठाने एम.एड. ही पदवी १९३६ साली सुरू केली. हिंदुस्थानातील ती पहिली. या पदव्या शहरांत जन्मल्या आणि शहरांतच वाढल्या. खेड्यातील शिक्षकाचा मार्ग अगदी निराळा होता. तो व्हर्नाक्युलर फायनल होऊन प्रथम शाळेवर रुजू होई, काही वर्षे मुलांना शिकवी, आणि मग खात्याने पाठविले तर ट्रेनिंग कॉलेजात जाऊन परत त्याच नोकरीवर येई. आधी वर्ग आणि नंतर शास्त्र, हा क्रम कोणी सिद्धान्त म्हणून मांडला नव्हता, तो गरजेतून पडलेला शिरस्ता होता. तरी त्यात एक तथ्य होते. प्रशिक्षणाला येणाऱ्या मनुष्याजवळ प्रश्न असत.

याच मुलखातून त्या प्रश्नांना प्रथम वाचा फुटली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, अशी मागणी केली होती. शिक्षकाची जात, त्याची योग्यता आणि त्याचे वेतन या तीन गोष्टी एकाच मागणीत गुंफणारा हा मजकूर आजही शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावर विसंबून न राहता मुळातून वाचण्याजोगा आहे.

पुढच्या शतकात त्या मागणीला देह दिला तो कर्मवीर भाऊराव पाटलांनी. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच सुमारास कूपर यांचा नांगरांचा कारखाना उभारण्यात त्यांचा हात होता, आणि तो कारखाना पुढे ज्या सातारा रोड स्थानकाजवळ नांदला ते कोरेगाव तालुक्यातच आहे, ही गोष्ट कमी जणांना माहीत असेल. लोखंडी नांगर विकणाऱ्या मनुष्याला श्रम आणि विद्या या दोन वेगवेगळ्या कोठारांत ठेवावयाच्या वस्तू वाटल्या नाहीत, यात नवल नाही. १९३५ साली त्यांनी साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले ते खेड्यात शिकवावयास खेड्यातलाच शिक्षक तयार व्हावा म्हणून. पुढे संस्थेने खेडोपाडी ज्या शेकडो व्हॉलंटरी शाळा चालविल्या त्यांना शिक्षक लागत होते, आणि ते पुण्यामुंबईहून येणार नव्हते. 'कमवा आणि शिका' हे सूत्र नंतर इतके घासले गेले की त्यातील धार आता जाणवत नाही. तथापि त्याचा मूळ अर्थ, गरिबाला शिकता यावे म्हणून थोडे काम द्यावे, एवढाच नव्हता. काम करणाऱ्याचे शिकणे हे कमी प्रतीचे शिकणे नव्हे, असा त्यात एक दावा होता. १९५५ साली साताऱ्यास संस्थेचे आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले आणि माध्यमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणाची सोय कोरेगावकराच्या एस.टी.च्या टप्प्यात आली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा पदव्युत्तर शिक्षणाचे केंद्रही दक्षिण महाराष्ट्राला आपले म्हणता येऊ लागले.

शिकणाऱ्याने शाळा सोडून विद्यापीठात यावे की विद्यापीठाने त्याच्या फुरसतीकडे जावे, या प्रश्नाचा राष्ट्रीय पातळीवर नीट विचार केला तो कोठारी आयोगाने. १९६४ साली नेमलेल्या आणि १९६६ मध्ये अहवाल सादर केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातील आजरे तालुक्यातले, ज्यांनी गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारून ग्रामीण शिक्षणाचा विचार प्रत्यक्ष मातीत करून पाहिला होता. आयोगाने पूर्णवेळ शिक्षणाच्या बरोबरीने अंशकाळ शिक्षण आणि स्वतःच्या सवडीने घ्यावयाचे शिक्षण यांना मान्यता द्यावी असे सुचविले, आणि १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील एकतृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा व सायंमहाविद्यालयांतून शिकावेत अशी अपेक्षा धरली. शिक्षणशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा मानून ती पदवी व पदव्युत्तर परीक्षांना ऐच्छिक विषय म्हणून ठेवावी, अध्यापक महाविद्यालयांचे विद्यापीठापासून आणि शाळांपासूनही पडलेले एकटेपण मोडावे, असेही आयोगाने म्हटले. याच काळात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांनी उन्हाळी वर्ग आणि पत्रव्यवहार यांची सांगड घालून सेवेतील शिक्षकांसाठी बी.एड. सुरू केले, उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालयात राहावयाचे, आणि वर्षभर शाळा सांभाळून टपालाने पाठ पाठवावयाचे.

महाराष्ट्रात ही कल्पना १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे स्थिरावली. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, स्वाध्याय हे शब्द आज खेड्यातील शिक्षकाच्या तोंडी सहज येतात ते या विद्यापीठामुळे. सेवेतील शिक्षकांचे बी.एड. तर त्याची ओळखच होऊन बसली, आणि शिक्षणशास्त्रातील एम.ए.चीही वाट त्याने मोकळी केली. प्राथमिक शाळा शनिवारी सकाळची असते, हा आपल्याकडचा जुना रिवाज अशा अध्ययनाच्या फार उपयोगी पडतो. शाळा सुटली की दुपारची गाडी धरावयाची आणि शनिवार-रविवार मिळून दीड दिवस आपल्यासारख्याच दमलेल्या पन्नास माणसांत विद्यार्थी होऊन बसावयाचे. दिवसा हुजूरपागेत शिकवून रात्रशाळेत मॅट्रिकचा अभ्यास करणाऱ्या अनुताई वाघ, ज्या पुढे ताराबाई मोडकांबरोबर कोसबाडच्या बालशिक्षणकार्यात प्रसिद्धीस आल्या, त्या याच जातीच्या विद्यार्थिनी होत्या.

परंतु या वाटेचा खरा लाभ सोयीपेक्षा निराळा आहे, आणि तो सांगण्यासाठी एक उदाहरण जरा विस्ताराने घ्यावे लागेल.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले. मंगला नारळीकर ज्या विषयसमितीच्या अध्यक्षा होत्या तिने त्यात 'त्रेसष्ट' या रूढ शब्दाबरोबर 'साठ तीन' हे वाचनही दिले, आणि वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत कित्येक दिवस गदारोळ उठला. मराठी भाषेचा खून झाला असे कोणी म्हणाले. कोणी आडनावांची मोडतोड करून विनोद केले. समितीचे म्हणणे सरळ होते. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव या टप्प्यात आपण बहुतेक ठिकाणी एकक आधी उच्चारतो आणि दशक मागून, पण लिहिताना दशक आधी लिहितो. म्हणून 'त्रेसष्ट' ऐकणारे मूल तीन आधी लिहून मोकळे होते आणि त्रेसष्टचे छत्तीस करते. त्यातच एकोणसाठसारख्या शब्दांत नवाचा मागमूस नाही, 'एक उणे साठ' असा तो हिशेब आहे. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात मराठी आणि कानडी अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत.

या वादात ज्याच्याजवळ खरा पुरावा असू शकत होता तो मनुष्य म्हणजे दुसरीचा वर्गशिक्षक. त्याने एका सकाळी वर्गाला वीस संख्या श्रुतलेखनाने घातल्या, चुका तपासून त्यांचे प्रकार पाडले, अंकांची उलटापालट किती, एकोण-शब्दांच्या चुका किती, केवळ न आठवल्यामुळे कोरी राहिलेली जागा किती, असा तक्ता केला, मग काही आठवडे दोन्ही वाचने वापरून पुन्हा तीच वीस संख्यांची चाचणी घेतली, तर त्याच्या हाती जे येईल ते अग्रलेखांपेक्षा जास्त मोलाचे ठरेल. जतमधील एखाद्या शिक्षकाला शेजारच्या कानडी शाळेशी तुलनाही करता येईल. यालाच आपण कृतिसंशोधन म्हणतो. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील स्टीफन कोरी यांनी १९५३ साली या विषयावर ग्रंथ लिहून शिक्षकाने आपल्या प्रश्नांचे संशोधन आपणच करावे ही कल्पना रूढ केली, आणि इंग्लंडात १९७५ मध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी तिला अभ्यासक्रमविचाराची जोड दिली.

आता येथेच पदव्युत्तर अध्ययनाची गरज लागते, ती अशी. आपल्या शिक्षकाच्या दुसरीत नऊच मुले असतील, तर नवांवरून शेकडेवारी काढणे हास्यास्पद होईल. अशा वेळी प्रयोगाचा मार्ग सोडून एकेका मुलाचा व्यक्ती-अभ्यास करावा हे त्याला कोणीतरी शिकविले पाहिजे. दुसऱ्या चाचणीत चुका कमी झाल्या त्या नव्या वाचनाने, की मध्ये महिना गेला म्हणून, की पहिल्याच चाचणीमुळे मुले सावध झाली म्हणून, हा संशय त्याच्या मनात उत्पन्न होणे यालाच संशोधनपद्धतीचे शिक्षण म्हणतात. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या कुटुंबांची दोन मुले वर्गात असतील आणि दिवाळीपूर्वीच्या चाचणीला ती नसतील, तर त्यांना हिशेबात धरावे की नाही, ही बाब वरवर कारकुनी दिसते, परंतु तिच्या उत्तरावर निष्कर्ष फिरू शकतो. हे सर्व ग्रंथातून वाचणारा पूर्णवेळ विद्यार्थी एखाद्या शाळेची परवानगी काढून, दहा दिवसांत आपली प्रश्नावली भरून घेऊन परत जातो; अर्धवेळ विद्यार्थ्याजवळ शाळा रोज असते, आणि त्याची चूक त्याला सोमवारी सकाळी भेटते.

हा लाभ आपोआप पदरात पडत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नोकरीत बारा वर्षे झाली की वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, अशी आपल्याकडे शिक्षकाच्या वेतनाची रचना आहे, आणि वाढीव अर्हतेचा धागा तिच्याशी जोडला गेल्यामुळे पदवीकडे ज्ञान म्हणून पाहणारे किती आणि सेवापुस्तकातील नोंद म्हणून पाहणारे किती, याचा हिशेब कोणी मांडू नये हे बरे. लघुप्रबंधांचे विषय वर्षानुवर्षे तेच राहतात. अमुक तालुक्यातील तमुक इयत्तेच्या विद्यार्थ्यांच्या अध्ययन-सवयींचा चिकित्सक अभ्यास, यात तालुक्याचे नाव तेवढे बदलते. टंकलेखकाच्या दुकानात तयार प्रबंध मिळतो अशी कुजबुज ज्यांनी ऐकली नाही असे मार्गदर्शक थोडेच असतील. संपर्कसत्रात वही न उघडणारेही असतात, आणि दिवसभर मुलांपुढे उभे राहिल्यावर रात्री दहा वाजता पियाजे वाचावयास बसणाऱ्याचे डोळे मिटतात यात त्याचा दोष तो किती! थकवा ही या अध्ययनातील सर्वांत मोठी अडचण असून कोणत्याही नियमावलीत तिचा उल्लेख नसतो.

म्हणून अर्धवेळ अभ्यासक्रम म्हणजे पूर्णवेळ अभ्यासक्रमच, पण पातळ केलेला, अशी जी समजूत विद्यापीठांत आणि खुद्द शिक्षकांतही आहे ती टाकून दिली पाहिजे असे आम्हाला वाटते. त्याची बांधणीच निराळी हवी. विषय थोडे असावेत, पण वर्गातील कामालाच गुण असावेत; लघुप्रबंधाचा विषय शिक्षकाने आपल्याच शाळेतून आणावा; परीक्षा एप्रिलमध्ये, म्हणजे त्याच्या मुलांच्या परीक्षांच्या ऐन गर्दीत, ठेवू नये; आणि मार्गदर्शकाने वर्षातून एकदा तरी त्या शाळेत येऊन मागच्या बाकावर बसावे. शेवटची अट खर्चाची आहे आणि म्हणून ती प्रथम गाळली जाईल, हेही आम्ही जाणतो. ज्यांनी अजून नोकरी धरली नाही त्या छात्राध्यापकांना आमचे सांगणे एवढेच, की बी.एड. होताच एम.एड.च्या मागे न लागता दोन-तीन वर्षे वर्ग चालवावा. मग तोच अभ्यासक्रम त्यांना दुप्पट उमजेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही सारी रचना पुन्हा हलली आहे. अध्यापक शिक्षण परिषदेने २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात पूर्णवेळ एम.एड. एका वर्षाचे करून सेवेतील शिक्षक व प्रशासकांसाठी दोन वर्षांचे अर्धवेळ एम.एड. सुचविले आहे. ती तरतूद अमलात आली आणि साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी ती चालविणारे महाविद्यालय मिळाले, तर कोरेगावच्या शिक्षकाला रजा न मागता आणि हजेरीचा चमत्कार न करता ही पदवी घेता येईल.

तोवर ज्यांना थांबावयाचे नाही त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोकरीत असताना उच्च शिक्षणासाठी पूर्वपरवानगी लागते. ती मागणारा अर्ज मुख्याध्यापकांच्या शिफारशीनिशी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्या टेबलांवरून जिल्हा परिषदेच्या कचेरीत जातो, आणि टेबलागणिक त्याचा मुक्काम वाढत जातो, तर प्रवेशाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता मार्चमध्येच अर्ज द्यावा, आणि त्याच्या नकलेवर तारखेसह पोच घेऊन ती आपल्या दप्तरी ठेवावी.